आबेदाआपांनी बिघडवलेला टीव्ही

नीरजाताईंनी आबेदाआपांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काय समज करून घेतला होता, हे हल्ली त्या स्वतःच सांगतात. तेही कुणी न विचारता. आणि सांगताना एवढ्या हसतात की ऐकणाऱ्याला निम्मं कळतच नाही.

झालं असं, की त्या कोथरूडहून रिक्षानं निघाल्या, कसबा पेठेत उतरल्या, गल्ली चुकल्या आणि एकाच मारुतीला दोनदा नमस्कार करून अखेर दुकानाशी पोचल्या. दुकान कसलं, दहा बाय आठची खोली. जमिनीपासून छतापर्यंत जुने, पाठीमागे पोट सुटलेले टीव्ही, एकावर एक. मधल्या मोकळ्या जागेत साठीची एक बाई मांडीवर ताट घेऊन लसूण सोलत बसलेली.

“मेकॅनिक कुठे गेलेत?” नीरजाताईंनी विचारलं.

“काम काय होतं?”

“काम त्यांच्याशीच आहे. टेक्निकल आहे जरा.”

“मग बसा,” बाई म्हणाली आणि तिनं पायानंच एक स्टूल पुढे सरकवलं.

नीरजाताई बसल्या. नवरा जेवायला गेला असेल, नाहीतर नमाजाला, असा त्यांनी आपला अंदाज बांधला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाईनं समोरून चहा सांगितला, तो त्यांनी घेतला. गप्प बसणं काही त्यांच्या स्वभावात नाही, त्यामुळे लसूण कोमट पाण्यात टाकला तर सालं पटकन निघतात, हेही त्यांनी तिला शिकवून टाकलं. बाईनं “असं होय?” म्हणत ऐकून घेतलं. लसूण संपला. मग तिनं हात धुऊन कोरडे केले, ओढणी कमरेला खोचली, एका टीव्हीची पाठ उघडली, डावा हात स्वतःच्या पाठीमागे नेऊन ठेवला आणि उजव्या हातातला लांबलचक स्क्रूड्रायव्हर पिक्चर ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सारला. फट्ट! निळी ठिणगी उडाली.

“अहो बाई!” नीरजाताई ताडकन उभ्या राहिल्या. “हात काय लावताय? त्यांना येऊ दे ना! करंट बसेल!”

बाईनं मान वर केली नाही. पंधरा मिनिटांनी त्या टीव्हीत स्वच्छ चित्र आलं. बाईनं हात पुसले, स्टुलावर टेकली आणि म्हणाली, “आले मेकॅनिक. बोला. काय टेक्निकल काम होतं?”

आता पोस्टात तीस वर्षं काउंटर सांभाळलेल्या बाईची अशी फजिती झाल्यावर एकतर ती रुसून निघून जाते, नाहीतर जन्माची मैत्रीण होते. नीरजाताईंनी पदराआड तोंड लपवून आधी पोटभर हसून घेतलं. मग म्हणाल्या, “अहो, मग मघाशीच सांगायचं नाही का?”

“तुम्ही कुठं विचारलंत? तुम्ही मेकॅनिक कुठे गेलेत विचारलंत. मी कुठं गेले नव्हते.”

पेठेत सगळे त्यांना आपा म्हणतात. पूर्ण नाव आबेदा तांबोळी. दुकान त्यांच्या अब्बांचं, रेडिओच्या काळातलं. रंगीत टीव्ही घराघरात यायला लागले आणि नेमका त्याच सुमारास अब्बांचा हात थरथरायला लागला. डाग द्यायची, म्हणजे सोल्डरिंगची, गरम कांडी धरली की टोक भलतीकडेच जायचं. तेव्हा आपा सतरा-अठराच्या. अब्बा शेजारी बसून सांगायचे, आपा कांडी धरायच्या. गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून मध्ये पडदा लावलेला. पाच-सहा वर्षं असं चाललं. मग अब्बांनी एक दिवस पडदा काढून टाकला आणि बसलेल्या चार गिऱ्हाइकांना म्हणाले, “बघून घ्या. तुमचे सेट हिनंच केलेत.” दोघं दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद झाले. त्यातला एक सहा महिन्यांनी परत आला, मान खाली घालून, टीव्ही डोक्यावर घेऊन.

अब्बा गेल्यावर आपा घरोघरी जाऊन काम करू लागल्या, कारण तेव्हाचा टीव्ही म्हणजे दोन माणसांनी उचलायचं धूड. कुठल्याही घरी गेल्या की पहिलं वाक्य ठरलेलं, “तुमचे मिस्टर नाही आले?” आपांचं उत्तरही ठरलेलं, “ते शिलाईचं काम करतात. ब्लाउज द्यायचाय का?” नियाजभाई खरंच शिंपी होते. दोघांचं उत्तम चाललं. ते गेले त्याला आता आठ वर्षं झाली. मुलगी खुशनुमा वाघोलीला राहते, खराडीच्या कंपनीत चांगल्या नोकरीला आहे. ती दर रविवारी येते आणि दर रविवारी म्हणते, “अम्मी, आता हे डबे कोण बघतं? बंद कर ना.” आणि आपा दर रविवारी तिला बिर्याणी वाढून विषय बदलतात.

कोण बघतं, हा प्रश्न तसा बरोबरच होता म्हणा. भिंतीवर टांगायचे चपटे टीव्ही आले, त्यांच्यात दुरुस्त करण्यासारखं काही राहिलं नाही. पण पेठेत अजून चाळीस-पन्नास घरं अशी होती, जिथं कुणीतरी म्हातारं माणूस जुन्या सेटशिवाय जेवत नव्हतं. त्या घरांमध्ये आपांचा शब्द चालायचा, आणि तो शब्द एवढाच होता, की आबेदाच्या हातून गेलेला सेट परत येत नाही. बाकी त्यांच्याकडे मिरवण्यासारखं काही नव्हतं, पण हे होतं, आणि ते त्या मिरवायच्याही.

तर अशा बाईकडे नीरजाताई काम घेऊन आल्या होत्या ते भाच्याचं. भाचा आमोद, धाकट्या बहिणीचा मुलगा, वय तीस, दाढी राखलेली, चित्रकलेचं मोठं शिक्षण घेऊन चित्र मात्र न काढणारा. असं नीरजाताई म्हणतात हां. तो म्हणतो, मी इन्स्टॉलेशन करतो. कर्वे रस्त्यावरच्या एका लहानशा कलादालनात त्याचं पहिलंवहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरायचं होतं, त्यासाठी त्यानं बारा जुने टीव्ही गोळा केले होते. काही भंगारातून, काही मावशी-काकवांच्या माळ्यावरून. त्यांची भिंत रचायची होती. अकरा सेटवर नुसत्या मुंग्या, म्हणजे सिग्नल गेल्यावर खरखर करत दिसतात ना, त्या. आणि मधल्या बाराव्या सेटवर एक फिल्म.

फिल्मची गंमत अशी. शहाण्णव साली नीरजाताईंचे मेहुणे, म्हणजे आमोदचे बाबा, दुबईहून व्हिडिओ कॅमेरा घेऊन आले. क्रिकेटची मॅच लागली होती, कर्वेनगरच्या त्यांच्या बैठ्या घरात सगळं गणगोत आणि शेजारपाजार जमलेला. बाबांनी कॅमेरा टीव्हीच्या डोक्यावर ठेवला आणि बंद करायला विसरले. झालं. चाळीस मिनिटं चौदा माणसं टीव्ही बघताना टिपली गेली. शेंगा खाणारी, नखं कुरतडणारी, आऊट झाल्यावर कपाळाला हात लावणारी. बत्तीस वर्षांच्या नीरजाताई पहिल्या रांगेत आ वासून बसल्यात, आणि त्यांच्या मांडीवर दोन वर्षांचा आमोद अंगठा चोखतोय.

बारापैकी सात सेट बंद होते. आपांनी पंधरा दिवसांत सगळे चालू केले. मधला सेट तसा चालू होता, फक्त त्याचं बटण सैल झालेलं. आमोदनं मावशीला निक्षून सांगितलं, “याचं फक्त बटण. बाकी हात लावायचा नाही.” नीरजाताईंनी आपांना तेवढंच सांगितलंही. पण पुढे सवयीनं त्या जे बोलल्या, ते आपण सगळेच बोलतो. “आणि दुसरं काही दिसलं तर बघा हं.”

आपांना दिसलं. सेटबरोबर प्लेअरही आला होता, त्यावरची फिल्म लावली की चित्र जागेवर थांबेना, खालून वर सरकत राही. आपांनी त्या घरातली चौदा माणसं वर वर जाताना पाहिली आणि म्हणाल्या, “अरे देवा, एवढी माणसं आणि बसायला जागा नाही यांना!” आतला एक भाग सुकला होता. तो काढला, नवा घातला, चित्र जागेवर आलं. वर काही न घेता. पोराचं पहिलं प्रदर्शन आहे म्हणून.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी कलादालनात बारा टीव्हींची भिंत उभी राहिली. अकरा सेटवर मुंग्या खरखरायला लागल्या. आमोदनं मधलं बटण दाबलं. चौदा माणसं आली आणि ठाण मांडून बसली.

आमोद बघत राहिला. मग हळूच फरशीवर बसला.

“मावशी,” तो म्हणाला, “हा नीट झालाय.”

“मग छानच की!”

“छान काय? तो फिरतो म्हणून तर मधे ठेवलाय! तेच तर काम आहे माझं! ते फिरणंच!”

नीरजाताईंना आपलं ते शेवटचं वाक्य आठवलं. ते त्यांनी भाच्याला सांगितलं नाही. एवढं मोठं मन कुणाचं असतं? त्यांनी फक्त रिक्षा बोलावली.

एकवीस इंची सेट मांडीवर घेऊन दोघं कसब्यात आली. गल्लीच्या तोंडाशी रिक्षावाल्यानं उतरवलं, पुढे आमोदनं तो छातीशी धरून नेला आणि मागून नीरजाताई प्लेअर काखेत घेऊन वायर उचलून धरत, लग्नात नवरीचा शालू धरावा तशा. आपांनी लांबूनच पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

“परत आणलात?”

“हो, म्हणजे...” नीरजाताई चाचरल्या.

“काय झालं? बटण निघालं? चित्र गेलं?”

“चित्र आहे,” आमोद म्हणाला. “एकदम नीट आहे. तोच प्रॉब्लेम आहे.”

आपांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग नीरजाताईंकडे, भाच्याला ताप वगैरे आहे का अशा नजरेनं.

“मला तो पुन्हा बिघडवून हवाय,” आमोद म्हणाला. “आधी होता तसा. उद्या पाचला ओपनिंग आहे.”

“हे दुरुस्तीचं दुकान आहे, बेटा. बिघडवायला पावसाळा आहे, उंदीर आहेत, घरातली लहान पोरं आहेत. त्यांच्याकडे ने.”

“आपा, प्लीज.”

“प्लीज काय? बेचाळीस वर्षं इथं बसलेय. उद्या शंभर माणसं येणार, टीव्ही गरगर फिरताना बघणार आणि विचारणार, सेट कुणाकडून करून आणले? तू माझंच नाव सांगणार ना?”

“अभिमानानं सांगणार!”

“तेच म्हणते मी. मेहेरबानी कर, सांगू नको.”

आता आमोदनं समजावून सांगायला घेतलं. तो म्हणाला, स्क्रीन हे एक सिम्बॉल आहे. आपण समजतो आपण स्क्रीनकडे बघतो, पण ॲक्चुअली स्क्रीन आपल्याकडे बघत असते. ही फिल्म म्हणजे टीव्हीची नजर आहे, द गेझ, यू नो. नीरजाताईंनी हे घरी सहा वेळा ऐकलं होतं आणि सहाही वेळा त्यांना जांभई आली होती. आपांना जांभई आली नाही. त्या डोळे बारीक करून ऐकत होत्या.

“म्हणजे टीव्हीच्या जागी उभं राहून माणसं बघायची,” त्या म्हणाल्या.

“एक्झॅक्टली!”

“ते मला काय सांगतोस? मी आणि काय केलं एवढी वर्षं?” आपा हसल्या. “अरे, लोकांच्या घरी जायचे ना, मी कायम टीव्हीच्या मागे. समोर स्टुलावर आरसा ठेवायचा, म्हणजे मागून पेच फिरवताना आरशात चित्र दिसतं. आणि आरशाच्या मागे सगळं घर बसलेलं. सिरीयल सुरू व्हायला पाच मिनिटं राहिलेली. म्हाताऱ्या, पोरं, शेजारी. सगळ्यांचे डोळे असे टीव्हीला लागलेले. मी त्यांच्याकडे बघायचे. चित्र आलं की आरशात बघावंच लागायचं नाही, त्यांच्या तोंडावरच उजेड यायचा. एकदा एका घरी नवराबायकोचं कडाक्याचं भांडण चाललेलं, मी पेच फिरवला, चित्र आलं, आणि दोघं एकदम गप्प! बायको म्हणते, सरका जरा, मला दिसत नाही.”

आमोद तोंड उघडं ठेवून ऐकत होता. अगदी मावशीसारखा, नीरजाताईंच्या मनात आलं.

“आपा,” तो म्हणाला, “हे मी प्रदर्शनाच्या नोटमध्ये लिहू का?”

“काय लिहायचं ते लिही. पण फिरवायचं कशाला? माणसं नीट बसलीयेत, बसू दे की.”

आमोदनं पुन्हा सिम्बॉल सुरू केलं. आपांनी हात वर केला. “ते झालं. आता मराठीत सांग.”

त्यानं सेटवरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाला, “यातली पाच माणसं आता नाहीयेत. बाबा नाहीत, आजी नाही. चित्र थांबलं की सगळी नुसती बसून असतात, फोटोतल्यासारखी. फिरायला लागलं की वर जातात, आणि मग खालून परत येतात. पहिल्यांदा चुकून या सेटवर लावलं ना, तेव्हा बाबा गेले आणि परत आले. मी दोन तास बघत बसलो होतो.”

नीरजाताईंना हे नवीन होतं. घरी त्यानं सहा वेळा फक्त गेझ सांगितला होता. त्या पर्समध्ये रुमाल शोधायला लागल्या, जो त्यांच्या हातातच होता.

आपा उठल्या, ओढणी कमरेला खोचली आणि सेटची पाठ उघडली.

“करणार?” आमोदनं विचारलं.

“आधी सांग, किती वेगानं जात होतं?”

“हळू.”

“हळू म्हणजे? श्वास घेतो एवढं? का जिना चढतो एवढं?”

“मीडियम हळू.”

“सारखं एका चालीनं जायचं, का मधे थांबायचं?”

आमोद डोकं खाजवायला लागला. आपा कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “अरे, दोन तास बघत बसलास ना? कलाकार आहेस की नाही? मी दोन मिनिटं बघितलं तर मला आठवतंय. वर जाताना माणसं गळ्यापर्यंत जायची, तिथं जरा अडखळायची, मग सुटायची. आणि वरचा काठ डावीकडे थोडा वाकलेला होता.”

“हो!” आमोद ओरडला. “तसंच! अडखळायची!”

आपांनी फळीवरून चिवड्याचा जुना डबा काढला. दुरुस्त केलेल्या सेटमधून काढलेले मेलेले भाग त्या त्यात टाकायच्या. डबा उपडा केला. शंभर-दीडशे बारीकसारीक वस्तू टेबलावर पसरल्या, नीरजाताईंना सगळ्या मिरीच्या दाण्यांसारख्या दिसत होत्या. आपांनी चष्मा लावला, बोटानं एकेक बाजूला सारत गेल्या आणि पाचव्या मिनिटाला एक उचलला. “हा बघ तुझा कलाकार.”

तो लावला. चित्र फिरलं, पण भिंगरीसारखं. माणसं ओळखूही येईनात. दोन मिनिटांत एक काळा पट्टा आला आणि चित्र आडव्या रेघेएवढं उरलं.

“गेला,” आपा म्हणाल्या. “बिघाडाचा काय भरवसा? तुझं प्रदर्शन किती दिवस?”

“दहा.”

“दहा दिवस एकसारखा बिघडलेला राहिला पाहिजे. म्हणजे पक्कं काम पाहिजे.”

पक्कं काम! नीरजाताई सांगतात, की हा शब्द आपांच्या तोंडून निघाला आणि मला कळलं, आता ही बाई ऐकत नाही. आपांनी तो मेलेला भाग डब्यात टाकला आणि पुन्हा नवा चांगला बसवला. आता त्या वेगळंच काही करायला लागल्या. पूर्वीच्या सेटना पाठीमागे एक छोटं फिरवायचं बटण असायचं, चित्र सरकायला लागलं तर जागेवर आणायला. तसलं एक बटण त्यांनी कुठल्यातरी मेलेल्या सेटमधून काढलं आणि या सेटमध्ये घालायला घेतलं. डावा हात पाठीमागे, उजव्या हातात कांडी. सतराव्या वर्षी अब्बांनी शिकवलेलं, की करंट लागलाच तर छातीतून जायला नको, म्हणून एक हात कायम मागे. बेचाळीस वर्षांत तो हात विसरून कधी पुढे आला नाही. दीड तास त्या वाकून काम करत होत्या. मध्ये नीरजाताईंनी बोलायचा प्रयत्न केला, तर आपांनी त्यांच्यापुढे लसणाचं ताट ठेवलं. “कोमट पाण्यात टाकून सोला,” म्हणाल्या.

शेवटी त्यांनी सेट चालू केला. नीरजाताई आरसा घेऊन धावल्या.

“आरसा नको,” आपा म्हणाल्या. “आमोद, तू समोर उभा राहा. स्क्रीनकडे बघ.”

“मी काय करू?”

“काही नको करू. बघ फक्त.”

आपा सेटच्या मागे गेल्या. हात आत, नजर सेटच्या डोक्यावरून आमोदच्या तोंडाकडे. बटण थोडं फिरवलं. आमोदच्या कपाळावर आठी आली. “जास्त झालं,” आपाच म्हणाल्या आणि मागे घेतलं. पुन्हा थोडं. आमोदचे डोळे भराभर वर जायला लागले. “छे.” आणखी मागे. मग एकदम केसाएवढं पुढे. आमोदचा चेहरा सैल पडला. डोळे सावकाश वर जात, एका जागी अडखळत, मग खाली येत. मग पुन्हा वर. पापणी लवली नाही बराच वेळ.

“आले का रे बाबा?” आपांनी विचारलं.

आमोदनं नुसती मान डोलावली.

“मग बटणाचं उजवं टोक इथंच पक्कं करते.” त्यांनी डाग दिला, पाठ लावली, स्क्रू आवळले. “हे मागचं बटण डावीकडे नेलं की सेट नीट. उजवीकडे नेलं की तुझं प्रदर्शन. प्रदर्शन संपलं की डावीकडे करून आईला दे, बघू दे आरामात.”

नीरजाताईंनी हातातलं लसणाचं ताट बाजूला ठेवलं. त्यांना काहीतरी चांगलं, मोठं बोलायचं होतं. पण तोंडून आलं ते असं, “आपा, तुम्ही मेकॅनिक आहात हो!”

“आज कळलं?” आपा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पाचला आपा मोरपंखी साडी नेसून, अत्तर लावून खुशनुमाबरोबर कलादालनात आल्या. खुशनुमा दारातच थांबली. अकरा सेटवर मुंग्या नाचत होत्या आणि मधे चौदा माणसं वर जात होती, अडखळत होती, खालून परत येत होती. लोक समोर गोळा झालेले, हळू आवाजात बोलत होते. काहींच्या हातातले चहाचे कप तसेच गार झालेले. खुशनुमानं आईच्या दंडाला धरलं, एवढंच. डबे बंद कर, असं काही तिच्या तोंडून त्या संध्याकाळी निघालं नाही.

आपा मात्र टीव्हीकडे पाहत नव्हत्या. त्या बाजूच्या भिंतीला पाठ लावून लोकांच्या तोंडांकडे पाहत होत्या. चांगली पाच-सात मिनिटं. मग त्यांची नजर मधल्या सेटखालच्या पांढऱ्या कार्डावर गेली, आणि पारा चढला.

कार्डावर आमोदनं मोठ्या प्रेमानं छापून घेतलं होतं: ‘बघणारे. कलाकार: आमोद. तंत्रसाहाय्य: आबेदा तांबोळी, कसबा पेठ.’

“आमोद! काढ ते.”

“का आपा? तुमचं नाव नको?”

“फिरणाऱ्या सेटखाली माझं नाव? मी सांगितलं होतं ना?”

“पण हे ऑनर आहे! सगळ्यांना कळू दे ना तुम्ही किती ब्रिलियंट काम...”

“कुणाला काही कळत नाही. लोक काय तुझ्यासारखे मोकळे आहेत विचार करायला?”

“आपा, इथे येणारे लोक आर्ट समजणारे असतात. असला गैरसमज कुणीही करणार नाही.”

आणि नेमके तेव्हाच कसबा पेठेतले निवृत्त मास्तर आत आले. आपांचे जुने गिऱ्हाईक, आपांनीच बोलावलेले. त्यांनी टोपी सारखी केली, मधल्या सेटपुढे उभे राहिले, चष्मा वर करून खालचं कार्ड वाचलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “काय आबेदाबाई, वय झालं म्हणायचं! चित्र धरत नाहीये याचं!”

अख्खं दालन वळून बघायला लागलं. आपा फक्त आमोदकडे बघत राहिल्या. नीरजाताई सांगतात, तसं बघणं मी पोस्टमास्तरांचंही पाहिलं नव्हतं.

“बरं,” आमोद म्हणाला. “नाव काढतो.”

“नाव कशाला काढतोस? काम माझं आहे, नाव राहू दे. खाली एक ओळ घाल.” त्यांनी त्याच्या खिशातलं पेन काढून त्याच्याच हातात दिलं. “लिही. सेट उत्तम चालू स्थितीत आहे. बिघाड गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून केला आहे.”

“गिऱ्हाईक?” आमोदचा आवाज चिरकला. “आपा, मी आर्टिस्ट आहे! माझं पहिलं सोलो आहे हे! कलाकाराच्या सांगण्यावरून लिहितो.”

“सेट दुकानात कोण घेऊन आलं?”

“मी, पण...”

“काम कुणी सांगितलं?”

“मीच, पण तसं नाही ना ते...”

“दुकानात सेट आणतो आणि काम सांगतो, त्याला पेठेत काय म्हणतात? मास्तर, काय म्हणतात?”

“गिऱ्हाईक,” मास्तर म्हणाले.

आमोदनं मावशीकडे पाहिलं. मावशीनं छताकडे पाहिलं.

“कलाकार वरच्या ओळीत आहेस की,” आपा जरा नरमाईनं म्हणाल्या. “तिथं बस ना आरामात. खालची ओळ माझ्या दुकानाची आहे.”

आमोदनं सुस्कारा टाकला, कार्ड भिंतीवरून काढलं, गुडघ्यावर ठेवलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं. आपांनी ते हातात घेऊन दोनदा वाचलं, मग मास्तरांना वाचायला लावलं. मास्तरांनी मान डोलावली आणि म्हणाले, “असं असेल तर मग फार छान फिरतोय.”

“आता लाव,” आपा आमोदला म्हणाल्या. “सरळ लाव. आणि गिऱ्हाइकाची सही राहिली.”

आमोदनं सही केली.